मीठ पडलं

३ सप्टेंबर

बारके,

आज माझ्या हातची भाजी कुणीतरी दुसऱ्यांदा मागून घेतली. ही बातमी सांगावी असं फार वाटलं, पण घरात होते त्यांनी ती डोळ्यांनीच पाहिली होती, आणि तुझ्या वहिनीला सांगायची बंदी आहे. म्हणून तुला लिहायला बसलो. फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘कामात आहे रे दादा’ म्हणून ठेवतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही. फाडता येतं, पण फाडणारा माणूसही आधी वाचून घेतो.

मागून घेणारी आमची ठमी. कॉलेजात जायला लागल्यापासून तिला घरातलं काही पसंत पडत नाही. बाप तर मुळीच नाही. आज म्हणाली, “बाबा, हे तुम्ही केलंय? मग आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल.” आणि आणखी एक पळी वाढून घेतली. मी तोंड फिरवून मशीनवरचा दोरा उगाच ओवत बसलो.

तुझ्या वहिनीची पोस्टातली पाळी आता सकाळपासून असते, त्यामुळे दुपारचं जेवण माझ्याकडे आलं आहे. गळ्यात टेप तशीच ठेवून गॅसपुढे उभा राहतो. सध्या बाजारात लाल भोपळ्याचे ढीग लागलेत. एवढा मोठा भोपळा घरात आणला की घर भरल्यासारखं वाटतं. कापला की आतून असा रंग निघतो, की असं कापड मिळालं तर मी शिलाई घेणार नाही.

आईचा नियम पाळतो. शिजवताना चव घ्यायची नाही. पहिली वाटी देवापुढे, मग सगळ्यांची ताटं, शिजवणाऱ्याची जीभ सगळ्यात शेवटी. आणि कुणी चव बघणार नसल्यामुळे मीठ दोनदा पडू नये म्हणून तिची ती आरोळी, तीही मी देतो. “मीठ पडलं!” घरात दुसरं कुणी नसलं तरी देतो. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकतं.

पण आईच्या भोपळ्याला एक वास यायचा, तो काही माझ्याकडून येत नाही. ती काय घालायची? तू तिच्या हाताखाली शिकलीस. मी तिच्या हातचं नुसतंच खाल्लं.

आप्पांना थोडा अशक्तपणा आहे. उन्हाळ्यात ताप येऊन गेला, त्याचा असेल. काळजी करण्यासारखं काही नाही.

दादा

१७ सप्टेंबर

बारके,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना ना सही, एकच ओळ: ‘कांदा किती वेळ परततोस?’ तुझ्या वहिनीने ते पोस्टातून स्वतः आणलं, रिकाम्या डब्यात घालून. दारातूनच म्हणाली, “नणंदबाईंचा तोफगोळा आलाय.” मी कार्ड उलटं करून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून. नव्हतं. तरी तुझं अक्षर इतक्या दिवसांनी पाहिलं आणि बरं वाटलं. ‘क’ची शेपटी अजून तशीच लांब काढतेस. गुरुजी त्यासाठी तुला उभी करायचे.

तर कांदा. खरं सांगतो, तो मी परतत नाही, तो आपला आपण परततो. तेलात टाकतो आणि एक बाही लावून येतो. बाही सरळ लागली तर कांदा बरा होतो, वाकडी लागून उसवावी लागली तर काळा होतो. आता तुझ्या प्रश्नावरून ध्यानात आलं की घोटाळा तिथेच आहे. उद्या उभा राहतो.

शेंगा मी कात्रीने कापतो, हेही सांगून टाकतो. नव्या कात्रीने, कापडाच्या नव्हे. विळीवर माझा हात बसत नाही. कात्रीने मात्र सगळे तुकडे एका मापाचे पडतात. शेजारच्या मास्तरीणबाई बघून गेल्या आणि त्यांनी गल्लीभर सांगितलं की शिंपीदादा भाजीला काजं करतात. करू देत चेष्टा. त्यांच्याकडे काल वाटी पाठवली होती, ती घासून परत आली नाही, चाटून आल्यासारखी आली.

एक गोष्ट मला या वयात कळते आहे. कपडा शिवून दिला की गिऱ्हाईक तो घेऊन जातं, वर्षभर घालतं, मला दिसतही नाही. जेवण मात्र समोरच संपतं. संपलेलं भांडं बघण्यात इतकं सुख असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला ते रोज मिळत होतं आणि ती बोलली नाही. की बोलली असेल, आम्हीच खाण्यात असू.

दादा

९ ऑक्टोबर

बारके,

‘आप्पा खरंच किती जेवतात? गोल गोल लिहू नकोस.’ वाचलं. बरं, सरळ लिहितो.

आप्पा जेवत नाहीत. ताप गेला तो तोंडाची चव घेऊन गेला. गोड, आंबट, तिखट, त्यांना सगळं सारखंच लागतं. पहिले काही आठवडे ते जेवत होते, उगाच भांडण नको म्हणून. मग एकदा ताट बाजूला ठेवून म्हणाले, “माती खायची तर बाहेर अंगणात बसून खाईन, तुम्हाला कष्ट कशाला?” तेव्हापासून दूध, पातळ पेज, तेही ठमीने औषध द्यावं तसं समोर धरलं तर. त्यांचे सदरे मी आत घेत गेलो. आता आत घ्यायला शिवण उरली नाही.

आणि आवाज गेला. हे मला सगळ्यात जास्त लागतं. तुला आठवतं, ट्रकच्या इंजिनावर आवाज काढायच्या सवयीने ते घरातही तसेच बोलायचे. नुसतं ‘पाणी दे’ म्हणाले तरी पलीकडच्या घरातून कुणीतरी तांब्या घेऊन यायचं. आता माझ्या मशीनशेजारी खाटेवर पडलेले असतात आणि पाणी हवं असलं तर खाटेच्या दांडीवर बोट वाजवतात. देवाजवळ मी फार मागत नाही, ते मला शोभत नाही. पण हल्ली मशीनचं पायडल मारताना दर फेरीला तो आवाज मागतो.

डॉक्टर भले आहेत. म्हणाले, चव परत येते, पुष्कळांची येते, पण तोवर पोटात अन्न जायला हवं. महिना-दीड महिन्यात अंग धरलं नाही तर दवाखान्यात घेऊन नाकातून नळी घालावी लागेल. आप्पांनी ते ऐकलं. डॉक्टर गेल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “नळी घालायची वेळ आली तर मला विचारू नका, मला सोडा.” ते तसं म्हणाले तेव्हा तुझी वहिनी भाजी निवडत होती. ती तशीच उठून आत गेली.

तीन वर्षांपूर्वीचं मी विसरलो आहे असं समजू नकोस. आई गेल्यानंतर पाहुणे जमले, एवढ्या माणसांचा स्वयंपाक तू एकटीने ओढलास, आणि आप्पांनी चारचौघांत ताट लोटून म्हटलं, “हा दवाखान्यातला स्वयंपाक आहे, पगारासाठी रांधलेला.” हात धुतलेस आणि बॅग उचललीस. त्यांनी तुला बोलवावं असं मला वाटतं, पण ते बोलवणार नाहीत, आणि तू न बोलवता येऊ नयेस हेही बरोबरच आहे. मी तुला ये म्हणत नाही. विचारतो एवढंच: तुझ्या दवाखान्यातल्या त्या मोठ्या मुदपाकखान्यावर रोज शेकडो आजारी माणसं जेवतात. चव गेलेल्याला तुम्ही काय देता?

दादा

२ नोव्हेंबर

बारके,

जिंकलो. पूर्ण नाही, पण किल्ल्याचा एक दरवाजा पडला.

तू लिहिलंस, ‘चव नसली तरी दात आहेत. जीभ सोड, दातांना काम दे.’ मी ते वाक्य तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, हिला पगार कमी देत असतील. भोपळ्याच्या बिया मी आजवर टाकत होतो. धुतल्या, वाळवल्या, तव्यावर मंद भाजल्या आणि वाटीत घालून आप्पांच्या खाटेजवळ ठेवल्या. मशीन चालू केलं. थोड्या वेळाने मशीन थांबवलं तर खाटेकडून कुटकुट आवाज येत होता, रात्री उंदीर लागावा तसा. मी मागे वळलो नाही. पुन्हा मशीन चालू केलं, म्हणजे त्यांना संकोच नको. संध्याकाळी वाटी रिकामी. ठमीने विचारलं, आजोबा कसं लागलं? तर म्हणाले, “लागलं कुठे? वाजलं.”

तेव्हापासून रोज काहीतरी वाजणारं करतो. भाजलेले दाणे, तव्यावर कडक केलेल्या बटाट्याच्या चकत्या. गरम वाफ नाकाशी धरायची तुझी युक्तीही करतो. कोवळ्या लसणाच्या पाती आल्या आहेत. त्या तेलात पडल्या की सबंध गल्ली नाक वर करते. पोस्टमन दोन घरं आधीच सायकलवरून उतरतो. हे दिवसच असे आहेत, बारके. सकाळी बाजारात गेलो की काय घेऊ आणि काय ठेवू असं होतं. टोमॅटो शेवटचे आहेत, वाकडेतिकडे, पण उन्हात इतके पिकलेले की पिशवीतच फुटतात. त्यांचा रस्सा काल केला. मास्तरीणबाईंनी आज स्वतःहून मोठी वाटी पाठवली. रिकामी.

पण बियांवर माणूस उभा राहत नाही. ताटावर ते अजून बसत नाहीत, आणि डॉक्टरांनी सांगितलेली मुदत जवळ येत चालली आहे. परवा मी हरलो आणि विचारलं, आप्पा, तुम्हाला काय करून घालू, तुम्ही नाव घ्या. मग म्हणाले, “जाता-येता झालं, तर बसेन.”

आईचा जाता-येता. वर्षातून एखाद्या आठवड्यातच जमणारा. जाणाऱ्या भाज्या संपलेल्या नसतात आणि येणाऱ्या नुकत्या लागलेल्या असतात, तेव्हा दोन्हींचा एका भांड्यात रस्सा: शेवटचा भोपळा, शेवटचे टोमॅटो, पहिले मटार, पहिले नवे बटाटे, लसणाची पात. ती म्हणायची, जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची गाठ घालून द्यावी, म्हणजे कुणी रुसत नाही.

तो आठवडा येतोच आहे. मला कृती लिहून पाठव. काय आधी, काय नंतर, किती वेळ. मी उभा राहीन. कांदा सोडून हलणार नाही.

दादा

१९ नोव्हेंबर

बारके,

‘ते कागदावर मावत नाही. मला यावं लागेल.’ हे वाचून मी खाली बसलो. गिऱ्हाईक समोर होतं, त्याला वाटलं मला चक्कर आली.

तुझ्या सगळ्या अटी कबूल. मागच्या दाराने ये. आप्पांना सांगणार नाही. तू स्वयंपाकघरातून बाहेर येणार नाहीस, ताट मी नेईन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाशील, कुणी थांब म्हणणार नाही. मी तर म्हणणार नाहीच. तुझ्या वहिनीची हमी देता येत नाही.

मटार आजच बाजारात दिसले. शेंगा अजून चपट्या आहेत, पण गोड आहेत. दुकानात उभा राहून एक खाल्ली, म्हणजे नियम मोडला नाही, कारण शिजवत नव्हतो. रविवारी ये.

दादा

५ डिसेंबर

बारके,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आता निवांत लिहितो. त्या रविवारी तू भिंतीच्या आत होतीस आणि मी बाहेर, त्यामुळे निम्मा रविवार तुला ठाऊक नाही. तो तुझा आहे, तुला मिळाला पाहिजे.

सकाळपासून आम्ही सगळे कुजबुजत होतो. ठमी तर चमचाही पदराखाली धरावा तसा ओढणीखाली धरून नेत होती. आप्पांनी मला विचारलं, घरात कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं बारीक काम आहे, गोंगाट नको. खोटं बोललो, देव त्या दिवशी माझ्या बाजूला होता, त्याने ते मोजलं नसावं.

आणि त्या कुजबुजीनेच घात केला. तू मीठ घातलंस तेव्हा आरोळी देणार कशी? दिली असतीस तर आप्पांनी आवाज ओळखला असता. तू पात खुडायला मागे अंगणात गेलीस. तुझी वहिनी भांड्याशी आली, तिला वाटलं, परक्यासारखी आली आहे, मिठाला हात लावायला संकोचली असेल. तिने घातलं, आणि तीही गप्प. मी मटार टाकायला आलो. माझ्या कानावर ‘मीठ पडलं’ आलेलं नव्हतं, आणि आपल्या घरात आरोळी नाही म्हणजे मीठ नाही, म्हणून मीही घातलं. ठमीचं म्हणणं, बाबा नेहमीच विसरतात. अशी चार माणसं, चार वेळा, एकाच भांड्यात, आणि चाखणार कुणी नाही. वाटी देवापुढे ठेवली, हात जोडले. देवाने तक्रार केली नाही. आता वाटतं, त्याला हसू आवरत नसेल.

ताट घेऊन मी बाहेर आलो. आप्पांना उशी देऊन बसवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. भोपळा नारिंगी, मटार हिरवे, वर लसणाची पात. वाफ नाकाशी धरून थोडा वेळ तसेच बसले. मग पहिला घास घेतला.

माझे डोळे त्यांच्या तोंडावर. आधी काही झालं नाही. नेहमीसारखे चावत राहिले. मग त्यांचा एक डोळा मिटला. मग दुसरा. तोंड असं आवळलं की गालाच्या सुरकुत्या सगळ्या एका ठिकाणी गोळा झाल्या. आणि मग तो आवाज आला. तू तो आतून ऐकलास. पण समोर बसून ऐकण्यात काय होतं ते तुला कसं सांगू. खिडकीच्या काचा वाजल्या. समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली.

“खारट!”

माझ्या तोंडून निघालं, “काय म्हणालात?”

“खारट म्हणालो. बहिरा झालास का? मिठाची गोणी फुटली का भांड्यात?”

मला रडू आलं की हसू, कळलं नाही. मी म्हटलं, आप्पा, परत एकदा बघा, तुम्हाला तसं वाटत असेल. त्यांनी तावातावाने दुसरा घास घेतला. म्हणाले, वाटतंय काय, आहेच. मी म्हटलं, पहिला घास होता, जिभेला सवय नसेल. तिसरा घेतला. मी वाद घालत राहिलो आणि ते मला खोटं पाडण्यासाठी खात राहिले. बटाटा खारट, भोपळा खारट, मटार त्यातल्या त्यात बरे. मटार त्यातल्या त्यात बरे! इतके महिने ज्या माणसाला सगळं माती लागत होतं, तो मला मटार आणि बटाट्यातला फरक सांगत होता. तुझी वहिनी दारात आली होती, तोंडावर हात घेऊन. ठमी तर सरळ खाली फरशीवर बसली.

मग चौकशी सुरू झाली. मीठ कुणी घातलं? मी म्हटलं, मी. तुझी वहिनी म्हणाली, मीही घातलं, मामंजी. ठमी म्हणाली, आजोबा, मी पण. आप्पांनी रस्सा बोटाने ताटात फिरवला, पुन्हा चाखला, आणि मान हलवली.

“मी मिठाचे ट्रक वाहिलेत. हे तिघांचं काम नाही. चौथा कोण?”

मी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागलो. तुला वचन दिलं होतं. आणि मग आतून तू म्हणालीस, “मी.”

एवढंच. एक अक्षर.

यापुढे तू आत होतीस, तुला फक्त पावलं ऐकू आली असतील. मी काय पाहिलं ते लिहितो. त्यांनी काठी घेतली नाही. खाटेची दांडी धरून उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी दिसला नाही असं दाखवलं. सदऱ्याची खांद्याची शिवण पार कोपराकडे उतरलेली, पाठ म्हणजे नुसता हँगर. पण पावलं ट्रककडे निघाल्यासारखी पडत होती. ताट त्यांनी स्वतः उचलून नेलं. रस्सा एका बाजूने फरशीवर सांडत गेला. मी तो लगेच पुसला नाही. ती ओळ खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली होती, मला ती पुसवेना.

दाराबाहेर उभा राहून ऐकणं चांगलं नव्हे. मी ऐकलं. आधी ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ते तुला म्हणाले, “तू जेवलीस का?” तू म्हणालीस, शिजवणारी शेवटी जेवते. मग त्यांचा तो आवाज, पण खाली आणलेला, घाटात गिअर बदलल्यासारखा.

“त्या दिवशी मी ताट लोटलं. आज तू वाढ. लोटलं तर मला हाताला धरून बाहेर काढ.”

तू म्हणालीस, “आधी मला ते सुधारू दे. हे कुणी खाणार नाही.”

मी तिथून निघून मशीनपाशी जाऊन बसलो. एक टाकाही घातला नाही.

मग तू भांड्याला हात घातलास आणि गंमत सुरू झाली. खारट म्हणून तू पाणी वाढवलंस, पाणी फार म्हणून बटाटे, बटाटे टाकल्यावर भांडं पुरेना म्हणून पाणी तापवायचं मोठं पातेलं, पातेलं आलं म्हणून अजून भोपळा, भोपळ्यासाठी अजून टोमॅटो. ठमी बाजारात धावत गेली. आप्पा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हुकूम सोडत होते आणि मध्येच म्हणत होते, अजून खारट, अजून खारट, अरे आता बरं. आपल्या घरात पहिल्यांदा चुलीपाशी चव घेतली गेली. आईने वरून पाहिलं असेल तर तिनेही एवढं चालवून घेतलं असेल, शिजवणारे ते नव्हतेच.

शेवटी गल्ली जेवेल एवढा रस्सा झाला. वाट्या मी वाटल्या, त्यामुळे कोण काय म्हणालं हे तुला माहीत नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या, “शिंपीदादा, हे तुमच्या हातचं नाही.” मी म्हटलं, नाही, माझ्या बहिणीच्या हातचं आहे. हे वाक्य मी त्या संध्याकाळी प्रत्येक दारात म्हटलं. कुणी विचारलं नाही तिथेही म्हटलं. डॉक्टरांकडेही वाटी नेली. त्यांनी चाखून विचारलं, आप्पा किती जेवले? मी म्हटलं, आधी ताटभर खारट आणि मग वाटीभर चांगलं. ते हसले, म्हणाले, नळीचं आता विसरा.

सकाळची गाडी तू सोडलीस, दुपारचीही सोडलीस. मी एकदाही थांब म्हटलं नाही, हे लक्षात असू दे. ते काम तुझ्या वहिनीने केलं.

दादा

२२ जानेवारी

बारके,

मटार आता भरात आहेत. आप्पा आज स्वतः बाजारात गेले. मी मागोमाग, चार पावलं सोडून, म्हणजे त्यांना कळू नये. त्यांनी भाजीवालीच्या गाडीवरची शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले की कालचे जास्त गोड होते. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसतं खाऊन जाता, माझा नफा तुमच्या पोटात.” तर त्यांनी एक पोतंच उचलायला लावलं. पोतं माझ्या डोक्यावर आलं. म्हणजे मी मागे आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

दुपारभर सगळे सोलत बसलोत. मास्तरीणबाई त्यांची परात घेऊन आल्या. तुझी वहिनी सुट्टी काढून बसली. ठमी सोलते त्यातले निम्मे खाते आणि आजोबा तिला ओरडतात, मग तिच्या परातीतले उचलून स्वतः खातात. डॉक्टर तपासायला आले होते, तेही बूट काढून बसले आहेत. नाडी बघायची राहून गेली. आप्पा तुझ्याबद्दल गल्लीत काय सांगतात माहीत आहे? आमची मुलगी दवाखान्यात शेकडो माणसांना रोज जेवू घालते, तिच्या हाताखाली वीस जण आहेत. वीस आहेत की नाहीत मला माहीत नाही. तू दुरुस्त करू नकोस.

आतून मटाराचा वास यायला लागला आहे. नवे बटाटे सालासकट आहेत, वर थोडी साखर, तू सांगितल्याप्रमाणे. तुझी सुट्टी मंजूर झाली हे कळल्यापासून आप्पांनी खाट माझ्या मशीनपासून हलवून आतल्या खोलीत घेतली आहे. मी विचारलं, इथे काय वाईट होतं? म्हणाले, ही जागा आजाऱ्याची होती, इथे आता पाहुणे बसतील.

अजून बरंच लिहायचं होतं, पण ताटं मांडली गेली आणि हाक आली. मी म्हटलं, आप्पा, बारकीचं पत्र पुरं करतो. तर तिथूनच, ट्रक चालू असल्यासारखे म्हणाले, “पत्राला थांबता येतं. मटाराला येत नाही.”

जातो. गरम आहेत.

दादा